ती पांढरी साय खरवडू नकोस

अगं, काल रात्री साडेअकराला तुझा फोटो आला. खाली एवढंच लिहिलेलं, 'ताई, पू झालाय. आता काढून टाकतील का?' मी चष्मा शोधला, फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच तुला फोन लावला. पण तू रडत होतीस, मागे पोरं जागी झाली होती, धड काही सांगता आलं नाही. आज दवाखाना लवकर आवरून आलेय. आता सावकाश लिहिते. तूही रात्री निजानीज झाली की सावकाश वाच.

पू नाही झालेला. दूध तापवून ठेवलं की वर साय धरते ना, तशी जखमेवर धरलेली साय आहे ती. गुरुवारी डॉक्टरांनी हिरडी उघडून तुझ्या इम्प्लांटवर धातूची छोटी टोपी बसवली. हीलिंग कॅप म्हणतो आम्ही तिला. हिरडीला काप गेला, रक्त आलं, गोठलं. त्या गुठळीतला लाल रंग लाळेनं धुऊन जातो आणि मागे उरतं ते फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं, त्यात अडकलेल्या थोड्या पांढऱ्या पेशी. गुडघा फुटला की वर कडक तपकिरी खपली धरते, तशी तोंडात धरत नाही, कारण तिथं कायम ओल. तोंडातली खपली ही अशीच असते, मऊ आणि पिवळट पांढरी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसायला लागते, आठ-दहा दिवसांत आपोआप विरते. तिच्याखालून नवी त्वचा दिवसाला अर्धा-एक मिलिमीटर सरकत पुढे येत असते. तू ती कापसानं पुसून काढायचा विचार करत होतीस. बरं झालं आधी फोटो पाठवलास. ती खरवडली की खालची कोवळी पेशींची रांगही निघून येते आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

पू कसा ओळखायचा तेही सांगून ठेवते, म्हणजे रात्री-अपरात्री जीव टांगणीला लागणार नाही. साय जागची हलत नाही, पू वाहतो. हिरडीवर बाहेरून बोट दाबलं की कडेनं घट्ट, घाण वासाचं काहीतरी येतं, तोंडाला खारट-कडवट चव येते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरायला लागते. चौथ्या-पाचव्या दिवशी उतरायच्या ऐवजी चढायला लागली, थांबलेली ठणक परत आली, ताप आला, तर मला फोटो पाठवत बसू नकोस, सरळ तुझ्या डॉक्टरांकडे जा. तुझ्या फोटोत यातलं काही नाही. टोपीच्या भोवती हिरडी थोडी लाल आहे, दोन टाके जागेवर आहेत, आणि मागच्या बाजूला ती साय. चौथ्या दिवशी मला अगदी असंच दिसायला हवं होतं.

आता मूळ गोष्ट. तू साडेतीन महिने प्रत्येक फोनला एकच विचारत होतीस, 'ताई, हाडात बसलं असेल ना गं?' सगळेच हाडाचं विचारतात. त्यात नवल नाही, कारण ही सगळी कहाणीच हाडापासून सुरू झाली. १९५२ साली स्वीडनमध्ये लुंडला पेर-इंग्वार ब्रॅनमार्क नावाचे डॉक्टर सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं फिरतं ते पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमची एक बारीक नळकांडी बसवली होती. काम झाल्यावर ती काढायला गेले तर हाड सोडेचना. त्यातून पुढे १९६५ साली गोस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या जबड्यात पहिले टायटॅनियमचे इम्प्लांट बसले, आणि तो माणूस २००६ मध्ये गेला तोपर्यंत ते त्याच्या तोंडात होते. चाळीस वर्षांहून जास्त. तेव्हापासून जो तो हाडाचं बोलतो.

तुझं हाड धरलंय. गुरुवारी डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे काढला, तो मी पाहिलाय. त्याची काळजी संपली. आता जे चाललंय ते हिरडीचं, आणि तेवीस वर्षं हिरड्यांचं काम करून मी तुला सांगते, पुढचं सगळं हिच्यावर आहे.

तुझा स्वतःचा दात आणि हिरडी यांचं नातं कसं असतं बघ. दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचा एक पातळ थर असतो. हिरडीतले धागे आडवे येऊन त्या थरात घुसलेले असतात, पक्के रोवलेले. गोधडीचे टाके जसे आरपार जातात तसे. हिरडी दाताला अक्षरशः शिवलेली असते. इम्प्लांट हा टायटॅनियमचा स्क्रू. त्याला सिमेंटम कुठून असणार? तिथं टाका घालायला जागाच नाही. मग हिरडीतले धागे काय करतात, तर स्क्रूच्या मानेला समांतर धावतात आणि तिच्याभोवती गोल फिरून आवळून धरतात. आपल्या परकराच्या नेफ्यातली नाडी आठव. परकर कमरेला शिवलेला नसतो, नाडीनं आवळलेला असतो. चांगली आवळली तर दिवसभर हलत नाही. सैल राहिली तर राहिली. गोथेनबर्गच्या तोर्ड बेरग्लुंड आणि यान लिंडे यांनी १९९१ साली बीगल जातीच्या कुत्र्यांमध्ये नैसर्गिक दात आणि इम्प्लांट दोन्हींभोवतीची हिरडी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून हे दाखवलं. आम्ही कॉलेजात ती चित्रं पाहिली होती. मला अजून डोळ्यांसमोर दिसतात.

आणि दुसरं म्हणजे रक्त. दाताभोवतीच्या हिरडीला दोन विहिरींचं पाणी असतं. एक हाडावरच्या आवरणातून येणाऱ्या रक्तवाहिन्यांचं, दुसरं दात आणि हाड यांच्यामधल्या त्या बारीकशा पडद्यातून. इम्प्लांट थेट हाडाला चिकटतो, मध्ये पडदाच नसतो, म्हणजे दुसरी विहीर नाही. एकाच विहिरीवर सगळं. हे लक्षात ठेव, पुढे एका गोष्टीसाठी लागणार आहे.

तर सध्या तुझ्या त्या टोपीभोवती ही नाडी ओवली जातेय. पहिला आठवडा नुसती जखम भरण्यात जातो. एक-दोन आठवड्यांत वरची त्वचा टोपीच्या कडेनं खाली उतरायला लागते आणि धातूला हलकेच चिकटते. तिच्याखाली धागे तयार होतात, आधी विस्कळीत, मग गोल. हे सगळं बसायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. त्वचा आणि धागे मिळून हाडाच्या वर साधारण ३ ते ४ मिलिमीटरची एक कॉलर तयार होते. तेवढ्यावर तोंडातले सगळे जंतू बाहेर आणि हाड आत. शरीर त्या कॉलरच्या उंचीत तडजोड करत नाही. हिरडी पातळ असली, २ मिलिमीटरच्या आत, तर उरलेली उंची ते हाडाकडून वसूल करतं, म्हणजे हाड तेवढं झिजतं. तुझी हिरडी जाड आहे, डॉक्टरांनी मोजली तेव्हा ३ मिलिमीटर भरली होती. ही तुझी जमेची बाजू.

म्हणून घाई करू नकोस. तू विचारलंस, 'पुढच्या महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे, तोवर दात बसवून देतील का?' मागची दाढ आहे गं, हसताना दिसतसुद्धा नाही. डॉक्टर मापं कधी घ्यायची ते हिरडी पाहून ठरवतील, तारीख पाहून ठरवू नयेत. आणि आणखी एक, ती टोपी सारखी काढ-घाल करायची नसते. १९९७ मध्ये याच स्वीडनच्या मंडळींनी पाहिलं की मधला जोडभाग पाच वेळा काढून परत बसवला की कॉलर तुटत जाते आणि हिरडी दर वेळी आणखी खाली सरकते. तेव्हा 'एकदा काढून दाखवा ना, आत कसं दिसतं' असा आग्रह डॉक्टरांना करू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

टोपी सैल वाटली, जिभेला हलताना लागली, किंवा जेवताना निघूनच आली, तर मात्र त्याच दिवशी फोन करायचा. ती उघडी जागा मिटायला हिरडीला एक-दोन दिवस पुरतात. निघालेली टोपी धुऊन डबीत ठेव आणि घेऊन जा. घरी फिरवून बसवायचा प्रयत्न करायचा नाही, गिळली गेली किंवा श्वासात गेली तर भलतंच होऊन बसेल.

खाण्याचं तुला कोकणात मी काय सांगू, पेज तुमच्या घरी रोज होतेच. मऊ भात, वरण, मुगाची खिचडी, दही, उकडलेल्या भाज्या, पिकलं केळं. गरम नको, कोमट. उजव्या बाजूनं चावायचं. मासा खायचा तर काटा काढून, कोणीतरी काढून दिलेला नाही, स्वतः काढलेला. बांगड्याचा एक काटा त्या टाक्यात अडकलेला मी पाहिलाय. आणि सगळ्यात त्रास देतात त्या बारीक गोष्टी, ज्यांचा विचारही कोणी करत नाही: फोडणीतली मोहरी, तीळ, खसखस, शेंगदाण्याचं कूट, पेरूच्या बिया. मोहरीचा एक दाणा टोपीच्या कडेला हिरडीखाली जाऊन बसला की चार दिवस आतून कुरतडत राहतो. दहा दिवस वरणाला फोडणीच घालू नकोस, घरातले खातील तसंच. नाहीतर वाटीभर आधी बाजूला काढून ठेव.

ब्रशचं सांगते. सध्या त्या जागी ब्रश लावायचा नाही, बाकीचे सगळे दात मात्र रोजच्यासारखे घासायचे. त्या भीतीपायी अख्खं तोंडच न घासणाऱ्या बायका येतात माझ्याकडे, आणि त्यांच्याच जखमा चिघळतात. क्लोरहेक्सिडीनच्या चुळा दिल्यात ना, त्या सकाळ-संध्याकाळ डॉक्टरांनी सांगितलेत तितकेच दिवस. टूथपेस्टनंतर लगेच नको, अर्धा तास जाऊ दे, पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यानं औषधाची ताकद जाते. खळखळून चूळ भरायची नाही, तोंडात घेऊन मान डावीकडे कलती करायची, मिनिटभर थांबायचं आणि ओठ उघडून सोडून द्यायचं. दात थोडे तपकिरी दिसतील, जीभ बेचव वाटेल. दोन्ही जातं. हळद, लवंगतेल, तुरटी यातलं काही लावू नकोस. सासूबाई प्रेमानं म्हणतील, त्यांना म्हणावं ताईनं दम दिलाय. लवंगतेल तर उघड्या जखमेवर भाजतं.

टाके निघाले की दुसऱ्या दिवसापासून लहान बाळाचा मऊ ब्रश घे. आरशासमोर उभी राहा, डाव्या हाताच्या बोटानं गाल बाजूला ओढ म्हणजे टोपी दिसेल. ब्रश टोपीवर टेकव, केस किंचित हिरडीकडे वळलेले, आणि हिरडीकडून टोपीकडे असा उचलत आण. पाच-सहा वेळा बाहेरून, तितकंच जिभेच्या बाजूनं. पितळी समईची वात सारताना जसा हात हलका ठेवतेस तेवढाच जोर. पहिले दोन दिवस किंचित रक्त दिसेल, तरी थांबायचं नाही. टोपी आरशासारखी चकचकीत दिसली पाहिजे. तिच्यावर बोट फिरवून चिकट लागलं तर ब्रश पोचला नाही असं समज.

आता जे लिहिणार आहे ते तुझ्यामाझ्यात ठेव.

गेल्या गणपतीत तुझ्याकडे आले होते, तेव्हा न्हाणीघराच्या कोनाड्यात शिकेकाईच्या डब्यामागे ती छोटी डबी पाहिली. उघडायची गरज पडली नाही. मशेरीचा, भाजलेल्या तंबाखूचा तो वास मी कसा विसरेन, आजीच्या पदराला तोच यायचा. आधी वाटलं सासूबाईंची असेल. पण त्यांची तर स्वयंपाकघरात उघड्यावर असते, त्या काही लपवत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे तू न्हाणीघरातून बाहेर आलीस तेव्हा बोटाचं टोक काळं होतं. गौरी बसल्या होत्या, घर माणसांनी भरलेलं, मी गप्प राहिले. नंतर फोनवर विचारीन म्हटलं, आणि विचारलं नाही. ही माझी चूक. इम्प्लांट बसवायच्या आधीच बोलायला हवं होतं.

मी रागावलेली नाही. धाकट्याच्या वेळी बाळंतपणानंतर दाढ दुखायची, सासूबाईंनी दोन बोटं लावायला दिली, दुखणं बधिर झालं आणि मग सुटलंच नाही, असंच झालं असणार. माझ्याकडे येणाऱ्या दहा बायकांकडून मी हेच ऐकलंय. दवाखान्यातल्या फॉर्मवर 'तंबाखू?' असं विचारलं की त्या 'नाही' लिहितात, आणि खोटं बोलायचं म्हणून लिहीत नाहीत. मशेरी म्हणजे तंबाखू असं त्यांना वाटतच नाही. ती दात घासायची वस्तू. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते, तिला कोण अडवणार?

आता त्या एका विहिरीची आठवण कर. मशेरीतलं निकोटीन हिरडीत उतरलं की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात. दाताभोवतीची हिरडी दुसऱ्या विहिरीवर कसंबसं भागवून नेते. इम्प्लांटभोवती दुसरी विहीरच नाही. नेमक्या ज्या आठवड्यांत तिथं नवे धागे विणले जायचेत, त्याच आठवड्यांत तू पाणी तोडतेस. वर ते खरबरीत कण बोटानं घासायचे, तेही कोवळ्या कडेवर. आणि याहून वाईट गोष्ट अशी की तंबाखूची सवय असलेल्या हिरडीतून रक्तही कमी येऊ शकतं. आतून सुजलेली असली तरी वरून फिकट, घट्ट, शहाण्यासारखी दिसते. म्हणजे धोक्याची जी एक खूण आपल्याला कळते, तीही मशेरी झाकून टाकू शकते. कॅन्सरचं तुला वेगळं सांगत नाही, मावशीचं तू पाहिलंयस. गुरुवारी टाके काढायला जाशील तेव्हा डॉक्टरांना गालाची आतली बाजू नीट बघायला सांग. तिथं पांढरा चट्टा आहे का, एवढंच. मला झोप लागेल.

सोडताना काय होईल तेही सांगते. पहिले तीन-चार दिवस डोकं जड होईल, पोरांवर उगाच ओरडशील, सकाळी पोट साफ होणार नाही. बायका याच कारणानं परत लावतात, 'त्याशिवाय होतच नाही' म्हणून. पहाटे उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी, रात्री पपई नाहीतर भिजवलेल्या मनुका. आठवड्याभरात पोट आपल्या वळणावर येतं. तलफ येते ती थोडा वेळ टिकते आणि ओसरते, तेवढी पाच-दहा मिनिटं अंगणात ये, झाडांना पाणी घाल, मला फोन कर. सरकारची तंबाखू सोडवणारी फोनसेवा आहे, १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलतात. ताईशी बोलायची लाज वाटली तर त्यांच्याशी बोल. त्यांना तुझं घर ठाऊक नसतं.

आणि आता आईचं.

आईचं इम्प्लांट 'फेल गेलं' एवढंच तुला माहीत आहे. वय झालं, हाड ठिसूळ झालं, असं मीच तुला सांगितलं होतं. तसं नव्हतं. तिचं हाड उत्तम होतं. दुसऱ्या एका दवाखान्यात बसवलं होतं, मी तेव्हा बाहेरगावी होते. वरचा दात सिमेंटनं चिकटवला होता. चिकटवताना जास्तीचं सिमेंट कडेनं हिरडीखाली जातं, ते सगळं काढावं लागतं. नैसर्गिक दाताभोवती ते फार खोल शिरत नाही, टाके अडवतात. इम्प्लांटभोवती नुसती नाडी, ती अडवत नाही. एक कण आत राहिला.

पहिलं वर्ष काही नाही. मग ब्रश लागला की तिथं रक्त यायला लागलं. आईनं काय केलं, तर त्या बाजूला ब्रश लावणंच सोडलं. लागतं तिथं घासायचं कशाला, म्हणून. मला बोलली नाही, कारण दुखत नव्हतं. आणि ते दुखणारच नव्हतं गं. दाताभोवतीच्या त्या पडद्यात जाणिवेच्या नसा असतात, तिथं सुजलं, दात दाबला गेला की त्या ओरडतात. इम्प्लांटला तो पडदा नाही. सुजत जातं, हाड विरघळत जातं आणि माणूस त्याच दाढेनं भाकरी चावत असतो. हलतसुद्धा नाही, शेवटचं हाड जाईपर्यंत. मी दर महिन्याला घरी जायचे. तिच्या हातचं जेवायचे. गावभरच्या हिरड्या तपासणारी मी, दोन वर्षं आईला 'आ कर' म्हटलं नाही. शेवटी एकदा तीच म्हणाली, 'त्या दाढेला वास येतो गं.' एक्स-रे काढला तर इम्प्लांटभोवती बशीसारखा खड्डा, निम्म्याहून जास्त हाड गेलेलं. काढावं लागलं. साफ करताना तो सिमेंटचा तुकडा निघाला. ज्वारीच्या कणीएवढा. मी तो कापसावर ठेवून किती वेळ बघत बसले होते.

रक्त यायला लागलं तेव्हाच कळलं असतं तर वाचलं असतं. तेव्हा सूज फक्त हिरडीत होती. त्या अवस्थेला आमच्याकडे वेगळं नाव आहे, म्युकोसायटिस. साफसफाई केली की ती मागे फिरते. हाड जायला लागलं की पेरी-इम्प्लांटायटिस, आणि गेलेलं हाड सहसा परत येत नाही. २०१७ साली शिकागोत जगभरचे हिरड्यांचे डॉक्टर जमले होते, तिथं या दोन्हींमधली रेघ नीट आखली गेली. तुला नावं पाठ करायची गरज नाही. रक्त आलं की दुसऱ्या दिवशी फोन, एवढंच पाठ कर. दुखायची वाट बघू नकोस.

म्हणून दात बसवायच्या वेळी डॉक्टरांना विचार, स्क्रूनं बसवणार की सिमेंटनं. स्क्रूनं जमत असेल तर माझं मत तेच. सिमेंटनंच बसवावा लागला तर कड हिरडीच्या फार खाली ठेवू नका म्हणून सांग, आणि बसवल्यावर एक एक्स-रे. तो एक्स-रे आणि त्या दिवशी हिरडीची मोजलेली खोली कागदावर लिहून घे. पुढे प्रत्येक तपासणीत त्या आकड्याशी ताडून बघायचं असतं, पहिला आकडाच नसेल तर ताडणार कशाशी? बारीक सळई हिरडीत घालतात म्हणून घाबरू नकोस, फक्त २५ ग्रॅम वजनाएवढा दाब असतो. पहिलं वर्ष दर चार महिन्यांनी जा, नंतर सहा. शेजारच्या दाढेच्या फटीसाठी बारीक ब्रश मिळतो, तार प्लॅस्टिकनं मढवलेला घे, नुसती तार टायटॅनियमवर ओरखडे काढते. सेफ्टीपिन नाही, काडी नाही. तुझ्या पदराला कायम पिन असते म्हणून सांगते.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या पूर्ण कर, दुखत नाही म्हणून मध्येच सोडू नकोस. साखर तुझी ठीक आहे, त्याची काळजी नाही.

आईला मी हे सगळं नंतर सांगितलं होतं, सिमेंटच्या कणीसकट. ती म्हणाली, 'तू तरी काय करणार, मी बोललेच नाही.' त्यानंतर तिच्या प्रत्येक वाढदिवसाला मी तिचं तोंड तपासते. आता तुझंही तपासणार आहे, तेव्हा नाक मुरडू नकोस.

उद्या सकाळी एवढं कर. दवाखान्यात फोन लाव आणि डॉक्टरांना स्वतःच्या तोंडानं सांग, 'मॅडम, मी मशेरी लावत होते, फॉर्मवर लिहिलं नव्हतं.' त्या रागावणार नाहीत, आमच्यापैकी कोणीच रागावत नाही, आम्हाला फक्त खरं लागतं. ती डबी मात्र कचऱ्यात टाकू नकोस, कचऱ्यातून परत काढता येते. पाण्यात ओत. मग मला फोन कर, मी सातपासून जागी असते.